विषाणूचे औषध : 'काट्याने काटा' या रूपकाची चिकित्सा

कर्करोगावर विषाणूंचा उपचार हा विषय मराठीत मांडावयाचा झाल्यास दोन वाक्प्रचार आपोआप लेखणीच्या टोकाशी येतात : एक 'काट्याने काटा काढणे' आणि दुसरा 'विषस्य विषमौषधम्'. दोन्ही आकर्षक आहेत. परंतु ज्या वैद्यकीय घटनेसाठी ते वापरले जातात तिचे स्वरूप दोन्ही झाकून टाकतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विज्ञान मंडळाच्या व्याख्यानात वा वर्गात आपण हा विषय सांगतो तेव्हा समोरच्या बाकांवरील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असा रुग्ण असण्याची शक्यता असते. त्यामुळे रूपकाची निवड हा येथे केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

विवेचनासाठी सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. 29 मार्च 2015 रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या '60 मिनिट्स' या कार्यक्रमात ड्यूक विद्यापीठातील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसारित झाला. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या अत्यंत घातक गाठीत नलिकेद्वारे थेट पोलिओचा विषाणू सोडण्याचा हा प्रयोग होता. वृत्तांताचे शीर्षक होते 'किलिंग कॅन्सर'. कार्यक्रम अप्रामाणिक नव्हता. रुग्णांच्या मृत्यूंचा उल्लेखही त्यात होता. तथापि चित्रपटाच्या जाहिरातीला शोभेल अशा या शीर्षकाने जे सांगितले, ते पहिल्या टप्प्यातील चाचणी सांगूच शकत नाही. पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा ठरविणे हा असतो, रोग बरा होतो हे सिद्ध करणे हा नव्हे.

आता या 'काट्या'चे स्वरूप पाहू. ड्यूकमधील संशोधक मथायस ग्रोमायर यांनी घेतलेला विषाणू हा रोगकारक वन्य पोलिओ नव्हता. पल्स पोलिओच्या मोहिमेत आपल्याकडील बालकांना जे थेंब पाजले गेले, त्यांतील सेबिन प्रकारचा क्षीण केलेला विषाणू हा त्याचा पाया होता. त्याच्या जनुकीय साखळीतील प्रथिननिर्मितीचे नियंत्रण करणारा भाग काढून तेथे सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचा भाग बसविण्यात आला, जेणेकरून निरोगी चेतापेशींत त्याची वाढ होऊ नये. गाठीच्या पेशींवर मात्र सीडी155 हे प्रथिन विपुल असते आणि पोलिओचा विषाणू पेशीत शिरतो तो याच दारातून. शिवाय रुग्णांना अगोदर पोलिओची निष्क्रिय लस टोचून त्यांची प्रतिकारशक्ती वाढविली जात असे. म्हणजे काटा बोथट करून, पायाला जोड्यांचे संरक्षण देऊन मग तो वापरलेला आहे. 'घातक विषाणूने कर्करोग बरा' या विधानातील 'घातक' हे विशेषणच मुळात डळमळीत आहे.

क्रियापदाची स्थितीही निराळी नाही. काटा काटा 'काढतो'. विषाणू गाठ काढत नाही. तो काही पेशी फोडतो हे खरे, परंतु उपचाराचे मोठे काम त्यानंतर सुरू होते. फुटलेल्या पेशींतील द्रव्ये आणि विषाणूची चाहूल यांमुळे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा जागी होते आणि तोवर दुर्लक्षिलेल्या गाठीकडे वळते. रूपकच हवे असेल तर शेतात डोळा लागलेल्या राखणदाराला आरडाओरडा करून उठविणाऱ्याचे ते अधिक जवळचे ठरेल. अमेरिकेत ऑक्टोबर 2015 मध्ये मान्यता मिळालेल्या टी-व्हेक या औषधात हे स्पष्ट दिसते. नागिणीच्या वर्गातील, तोंडावर पुरळ आणणाऱ्या हर्पिस विषाणूतून दोन जनुके काढून टाकण्यात आली आणि प्रतिकारपेशींना पाचारण करणाऱ्या मानवी प्रथिनाचे जनुक त्यात घालण्यात आले. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या 436 रुग्णांवरील चाचणीत टिकाऊ प्रतिसाद 16.3 टक्के रुग्णांत दिसला. तुलनेच्या गटात तो 2.1 टक्के होता. काही रुग्णांत तर सुई न टोचलेल्या गाठीही आक्रसल्या. एका ठिकाणी रुतविलेल्या काट्याने दुसऱ्या ठिकाणचा काटा निघाला, असे कोणता वाक्प्रचार म्हणतो? क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगात वापरण्याचा मार्ग 1976 मध्ये कॅनडात मोरालेस यांनी दाखविला आणि आज तो नित्याचा झाला आहे. तत्त्व बरेचसे हेच; परंतु तेथे जिवाणू असल्याने असेल, कोणी चमत्काराची भाषा करीत नाही.

ड्यूकच्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. 2012 ते 2017 या काळात 61 रुग्णांवर उपचार झाले. 36 महिन्यांनंतर 21 टक्के रुग्ण हयात होते. पूर्वीच्या तशाच रुग्णांत हे प्रमाण 4 टक्के होते. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा खचितच नाही. मात्र निम्मे रुग्ण जेथवर पोहोचतात तो मध्यक पाहिला तर 12.5 महिने आणि 11.3 महिने, एवढेच अंतर उरते. शिवाय तुलना चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या समकालीन गटाशी नसून जुन्या नोंदींशी आहे. मोजक्या रुग्णांना मोठा लाभ आणि बहुतेकांना जवळजवळ काहीच नाही, असे हे चित्र आहे. लाभ होणारा कोण, हे अगोदर ओळखता येत नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला होता. हा तपासणीची प्रक्रिया जलद व्हावी म्हणून वापरला जाणारा प्रशासकीय शब्द आहे. मराठीत त्याचे 'क्रांतिकारी' केले की प्रशासनाची सोय वैद्यकाचा विजय बनते.

माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. काट्याने काटा काढणारा स्वतःच्या पायातला काढतो. पायही त्याचाच, हातही त्याचाच. विषाणूचिकित्सेच्या इतिहासात असे नव्हते. 1949 मध्ये हॉजकिन्स रोगाच्या 22 रुग्णांना कावीळकारक विषाणू असलेले द्रव्य देण्यात आले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत चेस्टर साउदॅम आणि ॲलिस मूर यांनी 'इजिप्त 101' हा वेस्ट नाईल विषाणूचा वाण असाध्य रुग्णांना दिला; काहींच्या गाठी तात्पुरत्या आक्रसल्या, काहींना मेंदूज्वर झाला. याच साउदॅम यांनी 1963 मध्ये ब्रुकलिनमधील ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलमध्ये 22 वृद्ध रुग्णांच्या शरीरात जिवंत कर्करोगपेशी टोचविल्या. त्या कर्करोगाच्या आहेत हे रुग्णांना सांगितले नव्हते. तेथील तीन तरुण डॉक्टरांनी या कामास नकार देऊन राजीनामे दिले. चौकशीत साउदॅम दोषी ठरले, आणि पुढे काही वर्षांतच अमेरिकेच्या कर्करोग संशोधन संघटनेचे अध्यक्षही झाले. हा दुसरा प्रयोग विषाणूंचा नव्हता. परंतु 'मरणाच्या दारातील माणसावर काहीही करून पाहता येते' ही धारणा दोन्हीकडे एकच दिसते. चमत्काराच्या भाषेत ती धारणा अधिक सहज मुरते, कारण चमत्काराला संमतिपत्र लागत नाही.

नंतरच्या काळातील दोन निर्णय शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. जपानने जून 2021 मध्ये मेंदूच्या गाठीवरील डेलिटॅक्ट या हर्पिसजन्य औषधाला मान्यता दिली ती सशर्त व मुदतीची. पुढील रुग्णांची माहिती गोळा करून परिणाम दाखविण्याची जबाबदारी उत्पादकावर राहिली. लाटव्हियात 2004 मध्येच रिगव्हिर या विषाणूजन्य औषधाची नोंदणी झाली होती. मोठी तुलनात्मक चाचणी नसतानाही ते अनेक वर्षे विकले गेले आणि परदेशी रुग्णही ते घेण्यासाठी येत. 2019 मध्ये तपासणीत त्याच्या कुप्यांत लेबलावर नमूद केल्यापेक्षा पुष्कळच कमी विषाणू आढळला आणि वितरण थांबविण्यात आले.