चष्म्याआडचा अर्जुन

बंगळूरला चार मराठी कुटुंबे एकत्र जमली म्हणजे बोलणे प्रथम बदल्यांचे निघते, मग मुलांच्या शाळांचे, आणि कॉफीचे पेले रिकामे झाल्यावर नाटकाचे. मागल्या महिन्यात मल्लेश्वरमला एका स्नेह्यांच्या घरी असेच जमलो असता यजमानांच्या कन्येने आम्हां सर्वांस एका जुन्या अमेरिकन मालिकेचे दोन भाग दाखविले. सारा जन्म हिशेबतपासणीत घालविलेले आमचे यजमान दुसरा भाग संपताच उठले आणि म्हणाले, "जग बुडायला आले आहे, आणि हा गृहस्थ कचेरीतल्या बाईला कॉफी आणून देतो आहे! याला का महावीर म्हणायचे?" त्या वेळी आम्हांस समर्पक उत्तर सुचले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत. कारण आक्षेप विनोदाने घेतलेला असला तरी तो वाङ्मयविचारातला एक जुना व गंभीर आक्षेप आहे.

मालिकेचे नाव 'लॉइस अँड क्लार्क'. 1993 ते 1997 या काळात तिची चार सत्रे अमेरिकेत प्रक्षेपित झाली. नायक कोण, हे सांगावयास नकोच. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 1938 साली चित्रकथेच्या पानावर उभा केलेला सुपरमॅन आज जगातल्या कोणत्याही पोराला ठाऊक आहे. परग्रहावरून आलेला, आकाशात उडणारा, गोळी छातीवर झेलणारा हा अतिमानव एरवी क्लार्क केंट या नावाने, डोळ्यांवर चष्मा चढवून, एका वृत्तपत्रात बातमीदारी करतो. त्याच कचेरीतली लॉइस लेन ही धडाडीची बातमीदार सुपरमॅनवर लुब्ध आहे. शेजारच्या मेजावरील क्लार्क मात्र तिच्या खिजगणतीत नाही. हा त्रिकोण, किंवा खरे पाहता दोघांचाच असलेला हा विचित्र त्रिकोण, पहिल्या अंकापासूनच कथेत होता. पण तो तोंडी लावण्यापुरता. डेबोरा जॉय लव्हाईन या लेखिकेने मालिकेची उभारणी करताना त्यालाच मुख्य अन्न केले, आणि उड्डाणे व हाणामाऱ्या तोंडी लावण्यास ठेवल्या. शीर्षकात सुपरमॅन हे नाव मागे सरले, आणि नायिकेचे नाव नायकाच्याही आधी आले.

आमच्या यजमानांचा आक्षेप हाच की, असे केल्याने वीर हलका होतो. वीररसाचा आलंबन असलेला पुरुष शृंगार आणि हास्य यांच्या हाती दिला की त्याची उंची कमी होते, असे मानणारा पक्ष आपल्याकडेही आहे. वरवर पाहता मालिकेत त्याला पुरावा भरपूर सापडेल. येथे महावीराची आई त्याचा तो प्रसिद्ध तांबडा-निळा पोशाख घरी शिवते, आणि या तंग कपड्यांत लोक तुझ्या तोंडाकडे पाहणारच नाहीत अशी थट्टाही करते. जगाचे ओझे वाहणारा हा पुरुष मन जड झाले की खेड्यातल्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. त्याला हेवा वाटतो, तो रुसतो, बोलावयाचे ठरवून ऐनवेळी गप्प बसतो.

परंतु वीराची उंची मोजावयाची कशाने? संकट जितके मोठे तितका वीर मोठा, हे माप आपण सारेच मान्य करतो. आता ज्याला गोळी लागत नाही, आग जाळीत नाही, पर्वत अडवीत नाही, त्याला संकट आणावयाचे कोठून? चित्रकथाकारांची अडचण प्रथमपासून हीच होती. त्यांनी हिरवा विषारी खडा कल्पिला, दर खेपेस अधिक मोठा राक्षस निर्माण केला. ही संकटे आकाराने वाढली, पण अंतरंगाने वाढली नाहीत. सुखात्मिकेने मात्र सहजगत्या असे एक संकट शोधून काढले की, ज्यापुढे त्याची सारी शक्ती कुचकामी आहे. ते म्हणजे एका स्त्रीचा नकार. प्रेम बळाने मिळविता येत नाही, आणि मिळविले तर ते प्रेम राहत नाही. ज्याला सर्व काही करता येते अशा पुरुषाला येथे काहीच करता येत नाही, थांबावे लागते. म्हणून आम्ही म्हणतो की, या मालिकेत सुपरमॅन हलका झाला नाही. त्याला प्रथमच धोका उत्पन्न झाला.

पहिल्या सत्राच्या अखेरीस एक प्रसंग आहे. लेक्स ल्यूथर या धनाढ्य खलपुरुषाने लॉइसला मागणी घातली आहे. क्लार्क धीर करून तिच्यापाशी आपले मन उघड करतो. ती त्याला मित्र म्हणून मानते, त्याहून अधिक काही नाही, असे सांगून त्याला परत पाठविते. त्याच दिवशी ती सुपरमॅनला बोलावून घेते आणि म्हणते की, तुझ्या अंगी कोणतीही शक्ती नसती, तू चारचौघांसारखा सामान्य मनुष्य असतास, तरीही मी तुझ्यावर असेच प्रेम केले असते. ती खोटे बोलत नाही. तिला तसे मनापासून वाटते. आणि समोर उभा असलेला पुरुष जाणतो की, तो सामान्य मनुष्य काही घटकांपूर्वीच तिच्याकडून नकार घेऊन गेला आहे. तो त्या बोलण्यावर विश्वास ठेवू शकत नाही, आणि का ठेवू शकत नाही हे सांगूही शकत नाही. प्रेक्षकाला हसू येते आणि ते ओठांवरच थिजते. एका शब्दाने जो पेच सुटेल तो शब्द उच्चारता न येणे, हे उत्तम सुखात्मिकेचे मर्म येथे पूर्णपणे साधले आहे.

हे सर्व पाहताना आम्हांस राहून राहून आठवण झाली ती एका मराठी नाटकाची. 1882 साली रंगभूमीवर आलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' दुसरे काय आहे? अर्जुन हा महाभारतातला अतिमानवच. गांडीवधारी, इंद्राचा पुत्र, प्रत्यक्ष शंकराशी झुंजलेला. आदिपर्वात तो कृष्णाच्या सल्ल्याने रैवतकावरून सुभद्रेला रथात घालून नेतो. ते क्षत्रियाला शोभेसे हरण आहे, वीरकथेचा एक अध्याय आहे. भागवताने अर्जुनाच्या अंगावर त्रिदंडी संन्याशाचा वेष चढविला, आणि किर्लोस्करांनी त्या वेषातून पाच अंकांची सुखात्मिका काढली. बलरामाने बहीण दुर्योधनाला देऊ केली आहे. अर्जुन यती होऊन बलरामाच्याच घरी पूज्य पाहुणा म्हणून राहतो, आणि जिच्यासाठी तो झुरतो तीच सुभद्रा त्याच्या सेवेस येते. ती अर्जुनासाठी डोळे गाळते, आणि अर्जुन समोर बसलेला तिला दिसत नाही. क्लार्कचा चष्मा आणि अर्जुनाची भगवी छाटी यांत आम्हांस तरी फरक दिसत नाही. येथेही नाटकाच्या नावात सुभद्रा आहे, अर्जुन नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. किर्लोस्करांनी देवांस मराठी घरातले माणूसपण दिले. कृष्ण आणि रुक्मिणी यांचे बोलणे ऐकताना आपण द्वारकेत आहोत की आपल्या माजघरात, असा भ्रम पडतो. तरी त्यांचा अर्जुन लहान झाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. आणि या नाटककाराचे गाव गुर्लहोसूर हे बेळगावकडचे. त्यानेही काही काळ सरकारी कचेरीत नोकरी केलेली. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे नाते सांगावयास हवे.

तथापि दोन्ही कृतींत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि मालिकेचे खरे वैशिष्ट्य त्या भेदात आहे. सुभद्रेचे प्रेम प्रथमपासून अर्जुनावर आहे. वेष दूर झाला की तिला हवा तोच पुरुष मिळतो. यती हा केवळ पडदा. लॉइसचे मात्र प्रेमच आधी पडद्यावर बसले आहे. पूर्वी क्लार्क हे सोंग आणि सुपरमॅन हे सत्य, असे मानण्याचा प्रघात होता. 1986 साली जॉन बर्न या चित्रकथाकाराने तो उलटविला, आणि मालिकेने तोच विचार उचलला. खेड्यात वाढलेला, आईवडिलांचा लाडका क्लार्क हा खरा मनुष्य. सुपरमॅन म्हणजे त्याला जे करता येते ते. म्हणून लॉइसला सोंग भेदून देवाकडे जावयाचे नाही; देवाला ओलांडून माणसाकडे यावयाचे आहे. हा प्रवास अधिक अवघड आहे. दुसऱ्या सत्राच्या शेवटी क्लार्क लग्नाची मागणी घालतो, तेव्हा ती त्याचा चष्मा काढून विचारते की, मागणी कोण घालते आहे, क्लार्क की सुपरमॅन? त्या एका प्रश्नात सारी मालिका सामावली आहे.

हीच कल्पना हाताशी असूनही ती वाया कशी जाते, याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. दूरदर्शनवर 1997 ते 2005 पर्यंत चाललेल्या 'शक्तिमान'मध्ये मुकेश खन्ना यांनी गंगाधर नावाचा बावळट छायाचित्रकार रंगविला आहे. वृत्तपत्राची कचेरी आहे, शक्तिमानावर मोहित झालेली गीता विश्वास ही बातमीदारही आहे. पण गंगाधर हे निव्वळ सोंग आहे. त्याच्या दातांना आणि चष्म्याला आपण हसतो. त्याचे मन दुखावेल अशी भीती आपल्याला क्षणभरही वाटत नाही, कारण त्याला मन दिलेलेच नाही. विनोद आहे, प्रेमाची शक्यता आहे, तरी सुखात्मिका नाही. कारण नायकाजवळ गमावण्यासारखे काही नाही.

आता मालिकेचे दोष. खलपुरुष, एक ल्यूथर सोडला तर, पुठ्ठ्याचे आहेत. कथानके पुष्कळदा पोरकट आहेत. पण सर्वांत मोठा दोष मालिका या प्रकाराचाच आहे. सुखात्मिकेला शेवट लागतो; लग्नाच्या अक्षता पडल्या की पडदा पडावा, हा तिचा धर्म आहे. मालिकेला तर शेवट नकोच असतो. पहिल्या सत्रानंतर लव्हाईनबाई दूर झाल्या, आणि पुढे लेखकांनी ओढाताण आरंभली. तिसऱ्या सत्रात विवाह ठरला, मंडप सजला, आणि वधू निघाली नकली! खऱ्या लॉइसला पळवून तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी, बेडूक खाणारी एक कृत्रिम स्त्री उभी केली होती. मग खरीचा स्मृतिभ्रंश, मग आणखी काही. प्रेक्षक रागावले ते योग्यच झाले.

नकली वधू ही कल्पना मुळात वाईट नव्हे. वत्सलाहरणाच्या आख्यानात घटोत्कच वत्सलेचे रूप घेऊन बोहल्यावर बसतो. 1957 साली तेलुगू व तमिळ भाषांत निघालेला 'मायाबाजार' या दक्षिण देशी किती आवडीने पाहिला जातो, हे येथे राहणाऱ्यांस सांगणे नको. त्यात सावित्रीने नाजूक वधूच्या अंगात राक्षसाची ऐट अशी काही आणली आहे की हसता हसता पुरेवाट होते. पण त्या मायेचे काम काय? नको असलेले लग्न मोडावे आणि हवे असलेले व्हावे. तिकडची माया कथेला शेवटाकडे नेते. अमेरिकन मालिकेतली माया शेवट पुढे ढकलते. एकच युक्ती, पण एकीकडे ती कथेची दासी आणि दुसरीकडे कथेची मालकीण. अखेर ऑक्टोबर 1996 मध्ये खरा विवाह एकदाचा झाला. चित्रकथेतला विवाहही त्याच सुमारास लावण्यात आला. त्यानंतर पडद्यावरचा संसार वर्षभरही टिकला नाही. 1997 च्या उन्हाळ्यात मालिका बंद झाली.

म्हणून आमचा निर्णय असा की, पहिली दोन सत्रे पाहावीत, तिसऱ्याचा तो आरंभीचा प्रश्न ऐकावा, आणि तेथे थांबावे. तो प्रश्न हा सर्व खटाटोप सार्थ करतो.

यजमानांस एवढेच विचारावेसे वाटते. आपण सारे आयुष्यभर एक पोशाख घालून वावरलो. दारावरची पाटी, मोटारीवरचा दिवा, शिपायाचा सलाम, सहीपुढचा हुद्दा. नव्या गावी बदली झाली की माणूस पोचण्यापूर्वी त्याचा हुद्दा पोचतो, आणि लोक त्याच्याशीच बोलू लागतात. आपणही हळूहळू त्याच्याच आवाजात बोलू लागतो. ज्या दिवशी पाटी उतरते त्या दिवशी दारी येणारी माणसे कमी होतात, आणि आपण दुखावतो. जणू लॉइसने नाकारलेला क्लार्क आपणच. परंतु आपणही कधी क्लार्ककडे पाहिले होते का? कचेरीतल्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या माणसाला हुद्दा वजा करून आपण किती वेळा ओळखले?

त्या संध्याकाळी निघताना आम्ही पाहिले, यजमानीणबाईंनी न विचारता यजमानांच्या हातात त्यांचा चष्मा दिला. तो ते नेहमीच कोठेतरी विसरतात. महावीराने कॉफी आणून द्यावी की नाही, याचा निवाडा आम्ही त्यांच्यावर सोपवितो.