आभासी सृष्टींतील स्पर्श

पंचेंद्रियांमध्यें स्पर्शाचें स्थान कांहीं निराळें आहे. डोळ्यांनीं दुरून पाहतां येतें, कानांनीं आडून ऐकतां येतें. परंतु स्पर्शास दूरत्व सोसत नाहीं. शिवाय ज्यास आपण पाहतों तो आपणांस पाहीलच असें नाहीं; पण ज्यास आपण शिवतों तो आपणांसही शिवतोच. म्हणून नमस्कार, आलिंगन, पाठीवरची थाप हीं समाजव्यवहाराचीं अंगें झालीं आहेत. ‘आभासी वास्तव’ या नांवानें जें नवें साधन आज प्रचारांत येत आहे, त्यानें या व्यवहारासच हात घातला आहे. डोळ्यांवर हेडसेट चढविला म्हणजे भोंवतालची खोली नाहींशी होऊन दुसरी सृष्टि दिसूं लागते, आणि तिच्यांत दूरदूरचीं माणसें चित्ररूप देह धारण करून भेटतात. या देहांस ‘अवतार’ असेंच म्हणतात. हे अवतार एकमेकांस हात देतात, गळ्यांत पडतात. त्यांत स्पर्श किती आणि आभास किती, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला आक्षेप असा कीं, जेथें त्वचेस त्वचा लागत नाहीं तेथें स्पर्शाची गोष्टच कशाला? हा आक्षेप सोपा आहे, पण टिकणारा नाहीं. १९९८ सालीं मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन या शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनुष्याचा खरा हात पडद्याआड ठेवून त्याच्यासमोर रबराचा हात मांडला, आणि दोहोंवर एकाच वेळीं, एकाच रीतीनें कुंचला फिरविला. थोड्याच वेळांत त्यास स्पर्श रबराच्या हातावर होत आहे असें वाटूं लागलें. येथें खऱ्या हातावर कुंचला तरी होता. जर्मनींतील बोखुम येथील संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तोही नव्हता. आभासी सृष्टींत आपल्या आभासी हातास आभासी वस्तूनें शिवलें असतां बहुतेकांस मुंग्या आल्यासारखी किंवा वारा गेल्यासारखी जाणीव झाली. म्हणजे शरीराची हद्द कातडीपाशींच संपते असें नाहीं. मन तिला पुढें सरकवूं शकतें.

याचा अधिक कठोर पुरावा दुःखाच्या बाजूनें मिळतो. मेटा कंपनीच्या ‘होरायझन वर्ल्ड्स’ या आभासी सृष्टींत परके अवतार अंगचटीस येतात अशा तक्रारी स्त्रियांनीं केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्यें कंपनीनें प्रत्येक अवताराभोंवतीं अदृश्य कुंपण घातलें. दोन अवतारांमध्यें सुमारें ४ फुटांचें अंतर राहावें अशी ती योजना. पडद्यावरच्या बाहुलीस कोणी शिवलें तर तुमचें काय गेलें, असें विचारणारेही निघतात. हा प्रश्न आम्हांस निर्दय वाटतो. अपमान कातडीस होत नसतो, तो माणसास होतो. आणि बाहुलीमागें माणूस होता हें कोणासही नाकारतां येणार नाहीं.

तथापि येथूनच उलट टोकास जाऊन, मग प्रत्यक्ष भेटीची गरजच काय, असें म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठीं एका कृतीचें परीक्षण करणें इष्ट होईल. दक्षिण कोरियांतील एमबीसी या दूरचित्रवाणी संस्थेनें फेब्रुवारी २०२० मध्यें ‘मीटिंग यू’ नांवाचा माहितीपट दाखविला. आजारानें गेलेल्या एका लहान मुलीची आभासी प्रतिमा घडवून तिची आणि तिच्या आईची भेट त्यांत घडविली आहे. आई हेडसेट व हातमोजे घालून उभी राहते, मुलगी धांवत येते, आणि आई तिला कुरवाळण्यास हात पुढें करते. तो प्रसंग पाहून डोळे कोरडे राहणें कठीण. त्या मातेच्या शोकाबद्दल आम्हांस एक शब्दही बोलावयाचा नाहीं. परंतु कृति म्हणून पाहतां एक वैगुण्य लपत नाहीं. कॅमेरा यंत्राबाहेरील दृश्य दाखवितो, तेव्हां आईचे हात रित्या हवेंत फिरतांना दिसतात. मुलीचें बोलणें रचणाऱ्यांनीं आधीं ठरविलेलें आहे. खरें मूल कुरवाळलें तर तें कुशींत शिरेल, रुसेल, नाहीं तर हात झटकून पळेल. स्पर्शाचें सत्त्व या न ठरविलेल्या उत्तरांत असतें. दोन जिवंत माणसांच्या अवतारांची भेट याहून अर्थातच श्रेष्ठ, कारण तेथें उत्तर देणारा कोणी असतो. पण कपाळावर ठेवलेल्या हातास ताप कळतो, अवताराच्या हातास तो कळत नाहीं. मंद, हळुवार कुरवाळण्यास विशेष प्रतिसाद देणारे मज्जातंतु आपल्या त्वचेंत आहेत हें शरीरशास्त्रानें दाखविलें आहे. प्रेमळ स्पर्शासाठीं निसर्गानें वेगळी वाट राखून ठेविली, त्या अर्थीं ती गरज चैनीची म्हणतां येत नाहीं.

हा भेद महाराष्ट्रास नवा नाहीं. आमच्या मोहोळाहून सुमारें ४० किलोमीटरांवर पंढरपूर आहे. तेथें दर्शनाच्याच पायऱ्या आहेत: दुरून कळसाचें दर्शन, मग मुखदर्शन, आणि शेवटीं चरणांवर माथा टेकण्याचें पदस्पर्शदर्शन. करोनाच्या साथीमुळें मार्च २०२० मध्यें मंदिर बंद झालें. १ जुलैची आषाढी वारकऱ्यांच्या मेळ्यावांचून गेली. त्या काळांत मोबाईलवर झालेल्या दर्शनानें पुष्कळांस धीर दिला, हें आम्ही नाकारीत नाहीं. पुढें दार उघडलें, तरी पदस्पर्श २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापर्यंत बंदच होता. आणि तो सुरू होण्याची वाट लोक पाहत होते. रूप डोळ्यांस मिळत असतांही माथ्यास चरण हवे होते.

याच पंढरपूरचा दुसरा इतिहासही विसरतां येत नाहीं. चोखामेळ्याची समाधि महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. ज्यांचा स्पर्श विटाळ मानला गेला, त्यांनीं शतकानुशतकें बाहेरूनच हात जोडले. हें दार सर्वांस उघडावें म्हणून साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं उपोषण आरंभिलें. तें पुढें कांहीं दिवसांनीं सुटलें. त्या दिवसांत कोणी, “देवाचें हुबेहूब चित्र देतों, घरीं बसून पाहा,” असें सुचविलें असतें, तर तो दुसरा अपमान झाला असता. मागणी होती ती सर्वांच्या रांगेंत उभें राहून, सर्वजण टेकतात तेथेंच माथा टेकण्याची. स्पर्श नाकारणें म्हणजे समाजांतून वगळणें, हें ज्या प्रांतानें इतकें जवळून पाहिलें, त्यानें तरी स्पर्शाच्या प्रतिमेस स्पर्श समजूं नये.

आमचें मत थोडक्यांत असें. जेथें प्रत्यक्ष भेट अशक्य आहे, तेथें आभासी स्पर्श हा आधार आहे व त्याची थट्टा करूं नये. जेथें ती शक्य असून केवळ गैरसोयीची आहे, तेथें तोच स्पर्श पळवाट होतो. मोहोळसारख्या गांवांतून मुलें पुण्यास जातात, परदेशीं जातात; मागें वृद्ध आईबाप राहतात. हें यंत्र स्वस्त होईल तेव्हां तें घरीं धाडून कर्तव्य संपलें असें मानण्याचा मोह अनेकांस होईल. आईनें तें नाकारावें असें आम्ही म्हणत नाहीं. धाडणाऱ्या मुलानें मात्र त्याबरोबर आपलें गाडीचें तिकीटही काढावें.