‘घाशीराम कोतवाल’मधील लोक

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाविषयी जो वाद झाला, तो जवळजवळ संपूर्णपणे नाना फडणविसांच्या व्यक्तिरेखेभोवती फिरत राहिला. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग केला. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले आणि बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या थिएटर अकॅडमीने १९७४ पासून ते पुन्हा रंगभूमीवर आणले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी आक्षेप पुन्हा उभा राहिला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : मराठेशाहीच्या एका थोर मुत्सद्द्याला कामातुर दाखवण्याचा अधिकार नाटककाराला आहे काय? हे ऐतिहासिक नाटक नव्हे, हा तेंडुलकरांचा खुलासा आक्षेपकांना पळवाट वाटला, तर समर्थकांना तो पुरेसा वाटला. दोन्ही पक्षांनी नाटकातील ‘लोक’ मात्र वाचले नाहीत.

वस्तुतः नानाची लंपटता हा या नाटकाचा विषयच नव्हे. ती आरंभापासून सर्वांना ठाऊक आहे. पुण्याचे ब्राह्मण रात्री बावनखणीत जातात, घरी स्त्रिया एकट्या असतात आणि मुखी हरिनाम असते. ज्या समाजाने स्वतःच्या वर्तनाशी असा समझोता केलेला आहे, त्याला सत्ताधीशाच्या वर्तनाचा जाब विचारण्याची नैतिक भूमीच उरलेली नाही. नानाचा दोष लपलेला नसतो. तो सर्वांच्या सोयीचा असल्यामुळे निभावून जातो. कीर्तन आणि शृंगार एकाच लयीत गुंफणारी भास्कर चंदावरकरांची संगीतयोजना हे नाते संवादांहून अधिक स्पष्ट करते.

या दृष्टीने बारा ब्राह्मणांच्या मानवी भिंतीचा अन्वयार्थ नव्याने लावावा लागतो. समीक्षेने तिचे कौतुक प्रामुख्याने लोकनाट्यशैलीतील प्रयोगतंत्र म्हणून केले. परंतु भिंत म्हणजे आड येणारी वस्तू. नानाचे कृत्य तिच्यामागे घडते, आणि ज्यांची ती बनलेली आहे तेच लोक पुढच्या क्षणी वळून त्या कृत्याचे साक्षीदार होतात, त्यावर गातात, डोलतात. झाकणारे आणि पाहणारे एकच आहेत. नेत्याच्या दोषांविषयीची लोकवृत्ती इतक्या काटकसरीने मराठी रंगभूमीवर क्वचितच मूर्त झाली असेल.

घाशीरामाला कोतवाली देताना नानाचे गणित उघड आहे. हा परका, कनोजहून आलेला. याला कोणाचे पाठबळ नाही. याच्या करणीने लोक पिडले जातील, तेव्हा त्यांचा रोष यालाच लागेल आणि कारभाऱ्याची पापे त्याच्या नावे जमा होतील. नाटकाचा उत्तरार्ध हे गणित बिनचूक सोडवून दाखवतो. ज्या लोकांनी घाशीरामाला चोर ठरवून मारहाण केली होती, तेच कोठडीत परदेशी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर नानाच्या दाराशी येतात. परंतु ते नानाविरुद्ध येत नाहीत, नानाकडे येतात. कोतवाल कोणी नेमला, हा प्रश्न कोणाच्याही तोंडी येत नाही. १७९१ मध्ये झालेल्या घाशीरामाच्या प्रत्यक्ष वधाचा तपशील काहीही असो, नाटकातील मौन तेंडुलकरांनी रचलेले आहे.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. प्रेक्षकगृहातही हेच घडते. नानाची तरुण मुलीमागची धावपळ प्रेक्षकाला हसवते. मोहन आगाशे यांनी उभ्या केलेल्या नानाला तर एक लोभस चपळाई होती. घाशीरामाचे क्रौर्य अंगावर येते, नानाचे मात्र करमणूक होऊन बसते. गौरीच्या मृत्यूनंतर या हास्याचा प्रेक्षकाला त्रास व्हावा, अशी रचना आहे. तो किती प्रेक्षकांना होतो, ही शंका रास्त आहे. प्रयोगाची मोहिनी काही वेळा संहितेवर मात करते, हे नाटकाच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

नाटकाची खरी उणीव मात्र अन्यत्र आहे. ‘लोक’ म्हणून येथे जवळजवळ एकच वर्ग वावरतो. पुण्यातील ब्राह्मणेतर कष्टकरी समाज कोतवालाच्या जाचाकडे आणि नानाच्या विलासाकडे कसा पाहत होता, याचा मागमूस नाही. त्यामुळे जी वृत्ती विशिष्ट वर्गाच्या हितसंबंधांतून आलेली आहे, ती सर्वकालीन मानवी वृत्ती असल्याचा भास होतो. आपले नाटक कोणत्याही काळाला व स्थळाला लागू पडते, ही तेंडुलकरांची भूमिका त्या भासाला बळकटीच देते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून त्यांनी ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटाची पटकथा लिहिली. तेथेही सारे जाणणारा पत्रकार दिगू अखेरीस भ्रमिष्ट होतो. जाणणे आणि जाब विचारणे यांमधील दरी तेंडुलकरांना नेमकी दिसते. ती कोणी ओलांडू पाहिली तर काय होईल, इकडे त्यांची प्रतिभा वळत नाही.

तरीही शेवटचा प्रवेश या उणिवेला पुरून उरतो. घाशीरामाचा निकाल लागल्यावर नाना लोकांपुढे येतो, शहरावरचे संकट टळल्याचे सांगतो आणि उत्सवाची आज्ञा देतो. हुकमावर सही त्याची, कोतवालाची नेमणूक त्याची, आणि कृतज्ञताही त्यालाच. भिंत पुन्हा रांगेत उभी राहते, आणि आरंभीचीच लय पुन्हा सुरू होते.