गोठा जमला, कबर राहिली

लहान मुलांसाठी ख्रिस्ती चित्रपुस्तके काढणाऱ्यांना नाताळ साधला आहे, ईस्टर अजून साधलेला नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांतली युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहिली की हे लगेच जाणवते. याचे कारण सगळे एकच सांगतात. एकीकडे बाळ आहे, दुसरीकडे देहदंड. चार वर्षांच्या मुलाला गोठा दाखवता येतो, खिळे कसे दाखवणार? मला हे पुरते पटत नाही. नाताळच्या कथेतही हेरोदाने मारलेली बाळे आहेत, रातोरात मिसरात पळालेले कुटुंब आहे. चित्रपुस्तके तेवढा भाग गाळतात आणि पुढे जातात. शिवाय चित्रपुस्तकाची खरी ताकद पान उलटण्यात असते. पहाटे बायका कबरीकडे निघाल्या, धोंडा कोण सरकवणार याची त्यांना काळजी आहे, आणि पान उलटले तर धोंडा आधीच सरकलेला. पान उलटण्यासाठी याहून चांगला प्रसंग कुठून आणायचा? अडचण विषयाची नाही. नाताळचे चांगले लेखक चित्रावर विसंबतात. ईस्टरचे लेखक समजावायला बसतात.

चित्रावर विसंबणे म्हणजे काय ते आस्त्रिद लिंडग्रेनच्या १९६१ सालच्या ‘युल इ स्टालेत’मध्ये पाहावे. चित्रे हाराल्ड विबर्गची. आई आपल्या लेकराला नाताळची गोष्ट सांगते आहे आणि लेकरू ती ऐकता ऐकता आपल्याच शेतावर घडताना पाहते. मग बेथलेहेम कुठले आणि खजुराची झाडे कुठली? बर्फ आहे, हातात कंदील आहे, स्वीडिश शेतकऱ्याची गुरे आहेत, थकलेले एक जोडपे आहे. लिंडग्रेन स्पष्टीकरणाच्या वाटेलाही जात नाही. हे पुस्तक धार्मिक आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण गोठ्यातल्या गुरांच्या अंगाची ऊब पानापानांतून येते, आणि ‘देव माणसांत आला’ या वाक्याचा मुलाला कळणारा अर्थ बहुधा तेवढाच असतो. अमेरिकेत मार्गरेट वाइज ब्राउनने १९५२ मध्ये ‘ख्रिसमस इन द बार्न’मध्ये जवळपास हेच केले होते. तिथे बार्बरा कूनीच्या चित्रांतला गोठा अमेरिकन शेतावरचा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला ऑस्ट्रेलियाच्या ज्यूली विवासचे ‘द नेटिव्हिटी’ (१९८६) आहे. मजकूर जुन्या किंग जेम्स बायबलमधला, भारदस्त आणि लहान मुलाला अर्धाच कळेल असा. चित्रे मात्र त्या भारदस्तपणाची मजेत खोडी काढतात. गाब्रिएल दूताचे पंख फाटके आहेत, पायांत जाडजूड बूट आणि त्यांच्या नाड्या सुटलेल्या. मरिया खरोखर नऊ महिन्यांची गरोदर दिसते, आणि तिला गाढवावर चढवताना योसेफाची तारांबळ उडते. बाळ उघडे आहे, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखे. भाविक घरांतून या पुस्तकाला नाके मुरडली जाणे साहजिक आहे. मला मात्र देव मानवदेहात आला, ही शिकवण इतक्या गंभीरपणे घेणारे दुसरे चित्रपुस्तक आठवत नाही. विनोद इथे श्रद्धेच्या आड येत नाही, तोच तिचा पुरावा होतो. डच चित्रकार डिक ब्रुनाचे ‘केर्स्टमिस’ (१९६३) याहून फार शांत आहे. जाड काळ्या रेषा, मोजके रंग, आणि सगळी माणसे थेट वाचणाऱ्याकडे पाहणारी. दोन वर्षांच्या मुलासाठी एवढे पुरे.

बाकी नाताळच्या ढिगात जनावरांची गर्दी फार. खरे तर लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून नाताळच्या चित्रांत शिरले आणि असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचियो गावी खरीखुरी जनावरे उभी केल्यावर तिथे कायमचे बसले. ते झाले. पण आता उंदीर, कोळी, घुबड, मेंढरू, असा ज्याला त्याला गोठ्यात साक्षीदार व्हायचे असते. ‘सर्वांत लहान जीवानेही बाळाला काहीतरी दिले’ या साच्यातले पुस्तक तिसऱ्या पानावरच संपलेले असते. त्यापेक्षा निकोलस अॅलनच्या ‘जीझस ख्रिसमस पार्टी’मधला (१९९१) वैतागलेला सराईवाला मला कधीही चालेल. त्याला फक्त झोपायचे आहे आणि रात्रभर कोणी ना कोणी दार ठोठावते आहे.

आता ईस्टर. अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांचा मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार लागोपाठ दोनदा नाताळाकडे गेला. १९६० मध्ये मेक्सिकोतल्या मुलीच्या ‘नाइन डेज टू ख्रिसमस’ला आणि १९६१ मध्ये ‘बाबूश्का अँड द थ्री किंग्ज’ला. ईस्टरशी संबंध असलेले १९५१ चे विजेते पुस्तक होते ‘द एग ट्री’. त्यात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या घरातली रंगवलेली अंडी आहेत, ख्रिस्त नाही. १९३९ चे ‘द कंट्री बनी’ही तसेच. एकवीस पिल्लांची आई ईस्टरची सशीण होते ही गोष्ट मला आवडते, पण पुनरुत्थानाशी तिचा काही संबंध नाही. चर्चने कबर चितारायची टाळली आणि बाजाराने ती अंड्यांनी भरून टाकली. त्यावर अमेरिकन ख्रिस्ती संस्थांनी तोडगाही काढला तो अंड्यांतूनच. बारा प्लास्टिकची अंडी, प्रत्येकात दुःखसहनातली एखादी वस्तू, आणि बारावे अंडे रिकामे. युक्ती झकास आहे. रिकामे अंडे हातात आल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पुस्तकाच्या पानावर का उमटू नये, हा प्रश्न त्या युक्तीनेच उभा केला.

कारण पाने शिकवणीने भरलेली असतात. ‘द गार्डन, द कर्टन अँड द क्रॉस’ (२०१६) हे या जातीचे नमुनेदार पुस्तक. कार्ल लाफर्टनची मांडणी हुशार आहे. एदेन बागेतून माणूस बाहेर पडला, मंदिराचा पडदा ‘आत येऊ नका’ असे सांगत राहिला, वधस्तंभाच्या वेळी तो फाटला. कॅटालिना एचेवेरीची चित्रेही रंगीत, खेळकर आहेत. पण पुस्तकाची धाव सिद्धान्ताकडे असते. पाप म्हणजे काय, शिक्षा का, मोकळीक कशी, हे पालुपदासारखे फिरत राहते. सॅली लॉइड-जोन्सचे ‘जीझस स्टोरीबुक बायबल’ (२००७) याहून खूपच कसदार आहे. तिची भाषा लयदार आहे, जागोची चित्रे भव्य आहेत. पण जुन्या करारातली प्रत्येक गोष्ट येशूकडे वळवायची म्हणून तिथेही गोष्टीला स्वतःच्या मनाने थांबता येत नाही.

ज्यांनी ईस्टर साधला त्यांनी वेगळेच मार्ग शोधले. यान पिएन्कोव्स्की वॉर्सात जन्मलेला. त्याच्या ‘ईस्टर’मध्ये (१९८९) सगळे छायाकृतींसारखे काळे, मागे रंगांचे आकाश. सावलीला रक्त नसते, चेहऱ्यावरची वेदनाही दिसत नाही, तरी तीन खांबांची आकृती डोळ्यांपुढून हलत नाही. मृत्यू न लपवता आणि न भेवडावता दाखवण्याचा इतका साधा उपाय इतरांना का सुचू नये? ब्रायन वाइल्डस्मिथने १९९३ मध्ये यरुशलेममध्ये येशूला वाहून नेणारे गाढव निवडले. गाढवाला काहीच समजत नाही, त्यामुळे लेखकाला समजावावे लागत नाही. ते नुसते बघते, आणि त्याच्याबरोबर मूल बघते. जनावर गोठ्यात फुकटचे पाहुणे असते, इथे ते कामाचे आहे. ‘द टेल ऑफ थ्री ट्रीज’ (१९८९) ही जुनी लोककथा. त्यातल्या झाडांना पेटारा, जहाज आणि सर्वांत उंच झाड व्हायचे असते. त्यांच्या वाट्याला येते ती गव्हाणी, कोळ्याची नाव आणि वधस्तंभ. टिम जॉन्कची चित्रे मला थोडी गोडच वाटतात, पण कथा भक्कम आहे.

तरीही हे सगळे कबरीपाशी येऊन घाईने हात वर करतात, प्रकाश पाडतात, संपतात. योहानाने तर मुलांसाठीच लिहिल्यासारखे दोन प्रसंग दिले आहेत. एक, मग्दालेनाने येशूला माळी समजणे. ओळख न पटणे आणि नावाने हाक ऐकताच पटणे, हा तर चार वर्षांच्या मुलाचा रोजचा खेळ. दुसरा, सरोवराकाठी कोळशांवर भाजलेले मासे. मेलेला माणूस उठतो आणि मित्रांसाठी न्याहारी तयार ठेवतो. ही दोन्ही दृश्ये माझ्या पाहण्यात फार थोड्या पुस्तकांत जागेवर आली आहेत, आणि जिथे आली तिथे एका कोपऱ्यात.

मराठीत परिस्थिती याहून चमत्कारिक आहे. गोष्ट सांगायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३ पासून मुलांपर्यंत पोहोचत होते. नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ओवीत येशू केव्हाच मराठी झाला, चित्रात झाला नाही. संडेस्कूलच्या पुस्तिकांमध्ये अजून वॉर्नर सॉलमनच्या १९४० च्या चित्रासारखाच लांब केसांचा अमेरिकन येशू भेटतो, आणि ईस्टरच्या पानावर तोच पांढऱ्या कपड्यांत. खरे तर पर्याय शोधायला कुणी लांब जायला नको. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात आयुष्य काढलेले अँजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) यांची मरिया साडी नेसते, तिच्या अंगावर इथल्या मातीची शांतता आहे. त्यांची बरीच चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. तिथून निघून वसईच्या किनाऱ्यावर कोळशावर मासे भाजणारा येशू रेखाटणारा चित्रकार आणि त्याला चार ओळी लिहून देणारा कवी यांची एकत्र भेट कुठल्या मराठी प्रकाशकाने घालून दिल्याचे मी पाहिलेले नाही. आठ पानांचे पुस्तक पुरेल. पहिल्या पानावर रात्रभर रिकामी राहिलेली जाळी, आठव्यावर न्याहारी.