विद्रोहाचे वस्तुरूप : पंक संगीत व स्केटबोर्डिंग यांच्या संग्रहालयांची समीक्षा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य शहरांतील तरुण पिढीने ज्या प्रतिसंस्कृती घडविल्या, त्यांत पंक संगीत आणि स्केटबोर्डिंग यांचे स्थान महत्त्वाचे आहे. वरवर पाहता एक संगीतप्रकार आणि दुसरा क्रीडाप्रकार असला, तरी दोहोंच्या मुळाशी 'स्वतः करून पाहणे' हे एकच सूत्र आहे. पंक वादकाने संगीताच्या रीतसर शिक्षणाची अट नाकारली, तर स्केटबोर्डरने कोरडे पडलेले जलतरण तलाव, पायऱ्या आणि कठडे यांनाच मैदान मानले. प्रस्थापित संस्थांकडे पाठ फिरविणाऱ्या या संस्कृतींची आता संग्रहालये उभी राहिली आहेत. करण्यातून जन्मलेली संस्कृती केवळ पाहण्यासाठी मांडली असता तिचे नेमके काय उरते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुनर्रचनेची मर्यादा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१३ मध्ये पंक आणि उच्चभ्रू वेशभूषा यांच्या संबंधावर एक मोठे प्रदर्शन भरविले. त्याच्या आरंभीच 'सीबीजीबी' या क्लबच्या प्रसाधनगृहाची प्रतिकृती उभारण्यात आली होती. १९७३ मध्ये सुरू झालेला आणि २००६ मध्ये बंद पडलेला हा क्लब न्यूयॉर्कच्या पंक संगीताचे माहेरघर मानला जातो. भिंतींवरील लिखाण आणि जागेची कळा यांची प्रतिकृती तयार करता आली; परंतु ज्या गर्दीमुळे आणि ज्या आवाजामुळे त्या जागेला अर्थ होता, त्यांची प्रतिकृती शक्य नव्हती. अस्वच्छता हा तेथे दारिद्र्याचा आणि बेफिकिरीचा सहज परिणाम होता. संग्रहालयात ती सजावट झाली. नंतरच्या दालनांत नामवंत रचनाकारांचे पोशाख असल्याने तर पंक म्हणजे महागड्या वस्त्रकलेची पूर्वपीठिका, असा ग्रह होण्यास वाव राहिला.

या वस्तुकरणाविरुद्धची सर्वांत टोकाची प्रतिक्रिया लंडनमध्ये उमटली. २०१६ मध्ये पंकच्या चाळिशीनिमित्त तेथील प्रतिष्ठित संस्थांच्या सहभागाने वर्षभर कार्यक्रम झाले. माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचे पुत्र जो कोरे यांनी त्याचा निषेध म्हणून २६ नोव्हेंबर २०१६ रोजी थेम्स नदीतील बोटीवर आपला पंक वस्तूंचा संग्रह जाळला. त्याचे मूल्य पन्नास लाख पौंड असल्याचा त्यांचा दावा होता. ही कृती लक्षवेधी असली, तरी तर्कदृष्ट्या दुबळी ठरते. ज्या बाजारभावाचा निषेध करावयाचा, त्याच बाजारभावाच्या आकड्यावर निषेधाचे वजन अवलंबून राहिले. शिवाय वस्तू नष्ट केल्याने कृती जिवंत होत नाही. केवळ पुढील पिढीच्या हाती येऊ शकणारा पुरावा नाहीसा होतो.

वस्तूकडून कृतीकडे

यापेक्षा वेगळे प्रयत्न लहान संग्रहालयांतून दिसून येतात. आइसलँडचे पंक संग्रहालय २०१६ मध्ये रेक्याविक येथील भूमिगत सार्वजनिक शौचालयाच्या जुन्या वास्तूत सुरू झाले. मेट्रोपॉलिटनमधील प्रसाधनगृह ही प्रतिकृती होती. येथे मात्र खरीखुरी टाकाऊ जागा पुन्हा वापरात आणली गेली. मिळेल ती जागा आपलीशी करणे हा पंकचाच धर्म असल्याने येथे वास्तू हेच पहिले प्रदर्शन ठरते.

लास वेगास येथे एप्रिल २०२३ मध्ये 'नोएफएक्स' बँडचे फॅट माइक यांच्या पुढाकाराने 'पंक रॉक म्युझियम' सुरू झाले. पंक संगीतकार स्वतः मार्गदर्शक होऊन दालने दाखवितात, तसेच कलावंतांनी वापरलेली वाद्ये भेट देणाऱ्यांना वाजविता येतात, ही त्याची वैशिष्ट्ये होत. मद्यपानगृह, गोंदणाची सोय आणि विवाहस्थळ यांमुळे त्यावर व्यापारीपणाचा आक्षेप येऊ शकतो व तो निराधार नाही. तथापि काचेआडची गिटार आणि हाती दिलेली गिटार यांतील अंतर मूलभूत आहे. पहिली प्रसिद्ध व्यक्तीची आठवण देते. दुसरी 'हे मलाही जमेल काय' असा प्रश्न विचारावयास लावते. पंकचा आरंभ याच प्रश्नातून झाला होता.

झिजलेली फळी

स्केटबोर्डच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. स्केटबोर्ड ही वापरून झिजणारी, अनेकदा मोडणारी वस्तू आहे. त्यामुळे न वापरलेली कोरी फळी संग्राहकाला मोलाची वाटली, तरी ती सर्वांत मूक असते. फळीच्या पोटावरील ओरखडे आणि झिजलेले टोक हाच तिचा मजकूर होय. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाने २०११ मध्ये टोनी हॉक यांचा पहिला स्केटबोर्ड स्वीकारला. थोरल्या भावाकडून आलेली ही जुनी फळी वापराचीच साक्ष देते, म्हणून हा स्वीकार उचित वाटतो. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०२३-२४ मधील प्रदर्शनात १९५०च्या दशकापासूनचे सुमारे ९० बोर्ड मांडले आणि दालनातच स्केटिंगसाठी उतार बांधला. फळीचा आकार का बदलत गेला, याचे उत्तर शेजारच्या उतारावर देहाच्या हालचालींतून मिळू शकले.

मात्र सर्वांत बोलके उदाहरण संग्रहालयाबाहेरचे आहे. लंडनच्या साउथबँक येथील क्वीन एलिझाबेथ सभागृहाखालील मोकळ्या जागेत १९७०च्या दशकापासून स्केटिंग चालते. २०१३ मध्ये पुनर्विकासाच्या योजनेत ही जागा जाण्याची वेळ आली आणि स्केटर्सना जवळच पर्यायी जागा देऊ करण्यात आली. त्यांनी ती नाकारली व जनमोहीम उभारली. २०१४ मध्ये जागा टिकविण्याचा समझोता झाला आणि २०१९ मध्ये तिचा बंद झालेला एक भागही पुन्हा खुला झाला. वारसा हा वस्तूंत नसून विशिष्ट जागेशी जडलेल्या अखंड कृतीत असतो, ही भूमिका येथे कोणत्याही माहितीफलकाविना सिद्ध झाली.

निष्कर्ष

प्रतिसंस्कृतीचे संग्रहालय ही मुळातच विसंगत कल्पना आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. त्याचे मूल्यमापन मात्र संग्रहाच्या दुर्मीळतेवर करणे अपुरे आहे. वस्तूंवरील वापराच्या खुणा जपल्या आहेत काय, भेट देणाऱ्याला केवळ प्रेक्षक न ठेवता काही करू दिले जाते काय, आणि संग्रहालयाबाहेर ती कृती जेथे अजून चालू आहे त्या जागेचे रक्षण करण्यास संस्था साहाय्य करते काय, हे तीन निकष अधिक उपयुक्त ठरतात. यांपैकी तिसरा निकष सर्वांत कठीण आहे. स्केटबोर्ड दालनात सन्मानाने ठेवावयाचा आणि दाराबाहेरच्या पायऱ्यांवर स्केटिंगला मनाई करावयाची, अशा संस्थेने वस्तू मिळविली, परंतु संस्कृती गमावली, असेच म्हणावे लागेल.