मूलकणांची वस्तुमाने आणि स्थैर्य : उपपत्तींच्या परीक्षणाचा प्रश्न

पदार्थविज्ञानातील एका वादासंबंधी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु मूलकणांची वस्तुमाने व त्यांचे आयुर्मान वर्तविणाऱ्या उपपत्तींचा वाद निव्वळ गणिताचा नाही. एखादी गोष्ट जुळते आणि एखादी गोष्ट सिद्ध होते, यांत अंतर किती, हा त्या वादाचा गाभा आहे. आणि या प्रश्नाशी भाषाशास्त्राचा परिचय जुना आहे.

प्रथम मूळ अडचण सांगितली पाहिजे. इलेक्ट्रॉन, म्यूऑन व टाऊ हे तीन कण विद्युत्भाराने एकसारखे आहेत. भेद आहे तो वस्तुमानाचा. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात (या लेखातील सर्व वस्तुमाने याच मापात आहेत) ती अनुक्रमे ०·५११, १०५·६६ व सुमारे १७७७ अशी भरतात. हेच आकडे का, याचे उत्तर आजच्या सर्वमान्य उपपत्तीपाशी नाही. ती हे आकडे प्रयोगातून घेते आणि पुढील विवेचन करते. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत, आणि त्यांचे मोल कसे ठरवावे हा येथील विषय आहे.

आमच्या शास्त्रातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ‘बदनाम’ या शब्दातील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांत ध्वनीही जुळतो व अर्थही जुळतो. तथापि या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. उलट ‘हस्त’ व ‘हात’, ‘सप्त’ व ‘सात’, ‘अष्ट’ व ‘आठ’, ‘कर्म’ व ‘काम’ या जोड्या पाहाव्या. येथे साम्य अपुरे आहे, पण प्रत्येक जोडीत एकच नियम दिसतो : जोडाक्षराचे प्राकृतात द्वित्त होते (हत्थ, सत्त, अट्ठ, कम्म), आणि मराठीत ते द्वित्त सुटून मागील स्वर दीर्घ होतो. व्युत्पत्तिशास्त्र उभे राहिले ते नियमाच्या आधारावर. साम्याच्या आधारावर नव्हे.

वस्तुमानांच्या क्षेत्रातही ‘बद’ आणि ‘बॅड’ पुष्कळ सापडतात. इसवी सन १९५१ मध्ये फ्रीडरिख लेन्त्स यांनी अवघ्या काही ओळींची एक टिपणी प्रसिद्ध केली. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर त्या वेळी १८३६·१२ असे मोजलेले होते, आणि ‘पाय’ या संख्येच्या पाचव्या घाताची सहापट नेमकी तेवढीच येते, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पुढे मोजमाप सूक्ष्म झाले. ते गुणोत्तर आज १८३६·१५२७ असे निश्चित आहे. लेन्त्स यांचा आकडा मात्र १८३६·११८ वरच राहिला. जुळणी तुटली, आणि तिच्याबरोबर काहीही तुटले नाही. कारण त्या आकड्याला दुसरे काही बांधलेलेच नव्हते.

याच्या उलट उदाहरण ‘ओमेगा-ऋण’ या कणाचे. १९६१ च्या सुमारास मरे गेल-मान व युवाल नेमान यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, तीव्र बलाने बांधलेल्या कणांचे सममितीच्या तत्त्वावर वर्गीकरण केले. त्यातील दहा कणांच्या एका कुलात वस्तुमानाच्या पायऱ्या जवळजवळ सारख्या होत्या : १२३२, १३८५, १५३०. शेवटचे, दहावे घर रिकामे होते. त्या घरातील कणाचे वस्तुमान सुमारे १६८० असावे, असे १९६२ मध्ये सांगण्यात आले. १९६४ मध्ये ब्रुकहेवन येथे तो कण मिळाला. त्याचे वस्तुमान आज १६७२ धरले जाते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे सोस्यूर यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८७९ च्या ग्रंथात त्यांनी मूळ भारत-यूरोपीय भाषेची स्वरव्यवस्था लावताना, त्या वेळी ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषेत प्रत्यक्ष न आढळणारे वर्ण गृहीत धरले. १९१३ मध्ये ते वारले. त्यानंतर हित्ती भाषेचे लेख वाचले गेले, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी त्या भाषेतील एक व्यंजन अशा अपेक्षित स्थानी दाखवून दिले. दोन्ही ठिकाणी व्यवस्थेनेच रिकाम्या जागेचा निर्देश केला होता, आणि तो आधी केला होता.

परंतु ओमेगा-ऋणाच्या भाकिताचा दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा आहे, आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. हा कण आपल्या भावंडांच्या मानाने फार दीर्घायुषी असावा, असेही त्या वर्गीकरणातून निघत होते. तीव्र बलाच्या क्रियेत ‘विचित्रता’ ही गुणसंख्या कायम राहते. ती राखून हा कण ज्या दोन कणांत फुटू शकेल, त्यांच्या वस्तुमानांची बेरीज १८०० च्या वर जाते. म्हणजे तो मार्ग बंद. म्हणून त्याला मंद बलाचीच वाट धरावी लागते, आणि तो सेकंदाच्या सुमारे हजार कोटीव्या भागाइतका काळ टिकतो. हा काळ आपणास क्षुद्र वाटला, तरी भावंडांच्या आयुष्याहून तो अब्जावधी पटींनी मोठा आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. काय निषिद्ध आहे हे नियम सांगतो. काय परवडते हे वस्तुमान सांगते. मोकळा न्यूट्रॉन सुमारे पंधरा मिनिटांच्या आयुर्मानाने क्षय पावतो, कारण तो प्रोटॉनहून १·२९ ने जड आहे व एक इलेक्ट्रॉन निर्माण करणे त्याला परवडते. इलेक्ट्रॉन क्षय पावत नाही, कारण विद्युत्भार नष्ट होत नाही आणि तो भार वाहणारा त्याहून हलका कण नाही. स्थैर्य हा व्याकरणाचा विषय आहे. मूळ वस्तुमाने मात्र अद्याप शब्दकोशात आहेत. ती यादी म्हणून पाठ करावी लागतात.

जो व्याकरण मांडतो त्याला हरण्याचा धोका पत्करावा लागतो. १९७४ मध्ये जॉर्जाय व ग्लॅशो यांनी तीन बलांस एका सममितीत बसविले. त्यातून प्रोटॉनही अखेर नश्वर ठरला. त्याचे आयुर्मान, वर्षांत, एकावर सुमारे ३१ शून्ये किंवा त्याहून कमी असावे असा हिशेब निघाला. हे तपासण्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, उपकरण मांडले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे प्रोटॉनच्या क्षयाच्या वाटाव्या अशा मोजक्या घटना नोंदल्या गेल्या. परंतु अमेरिकेतील व जपानमधील अधिक मोठ्या उपकरणांनी त्यांस दुजोरा दिला नाही. जपानमधील सुपर-कामिओकांदेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, क्षयाच्या प्रमुख अपेक्षित मार्गासाठी ही मर्यादा एकावर ३४ शून्यांच्याही पलीकडे गेली आहे. ती उपपत्ती तिच्या मूळ रूपात हरली. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते ती लेन्त्स यांच्या क्षणभर जिंकलेल्या आकड्याहून श्रेष्ठ होय. कारण तिच्या पराभवाने आपणास काही कळले.

येथवरचा निवाडा सोपा झाला. तो अवघड करणारे एक प्रकरण आहे, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८१ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञ योशिओ कोइदे यांनी एक सूत्र मांडले : इलेक्ट्रॉन, म्यूऑन व टाऊ यांच्या वस्तुमानांच्या बेरजेस त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागले असता दोन-तृतीयांश येते. या सूत्राने टाऊचे वस्तुमान १७७७ येत होते; तेव्हाचे मोजमाप १७८४ च्या आसपास होते. १९९२ मध्ये बीजिंग येथे नवे मोजमाप झाले, आणि ते १७७७ च्या जवळ आले. सूत्र स्थिर राहिले, मोजमाप त्याच्याकडे सरकले. याला ‘बद’ व ‘बॅड’ म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु त्यास ‘हस्त’ व ‘हात’ही म्हणता येत नाही, कारण दोन-तृतीयांशच का, याचे सर्वमान्य कारण आजही नाही. अशा साम्यास नोंद हेच योग्य स्थान होय : ते विसरू नये, आणि त्यावर इमारतही उभारू नये.

कारण सापडले म्हणजे काय होते, हे प्रोटॉनच्या वस्तुमानावरून दिसते. त्याच्या घटक क्वार्कांची वस्तुमाने मिळून त्याचा सुमारे शंभरावा भागच भरतो. उरलेले तीव्र बलाच्या ऊर्जेतून येते. २००८ मध्ये या बलाच्या समीकरणांवरून संगणकाच्या साहाय्याने, तीनच मोजमापे आधाराला घेऊन, प्रोटॉनसह अनेक कणांची वस्तुमाने काही टक्क्यांच्या आत काढण्यात आली. येथे अचूकता लेन्त्स यांच्याहून कितीतरी कमी आहे, आणि ज्ञान कितीतरी अधिक.

म्हणून वस्तुमानांची नवी उपपत्ती समोर आली असता, आकडा किती दशांश स्थळांपर्यंत जुळला हे शेवटी विचारावे. आधी विचारावे, की तो आकडा मोजण्यापूर्वी सांगितला होता काय. तो मिळविण्यास किती गोष्टी हाताने घेतल्या. आणि ही उपपत्ती कशास मज्जाव करते. ज्या व्याकरणात कोणतेही वाक्य अशुद्ध ठरत नाही, ते व्याकरण नव्हे.