निवासी शिक्षण : प्रवेश कोणाचा, ज्ञान कोणाचे?

शिक्षणाविषयीची आपली चर्चा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांपाशी येऊन थांबते. आत गेलेल्या मुलाला काय शिकवले जाते, हा प्रश्न आपण प्रस्थापितांवर सोपवून मोकळे झालो आहोत. म्हणून मुळशी तालुक्यातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजचा अभ्यासक्रम मुद्दाम तपासला पाहिजे. १९९७ साली ही निवासी संस्था सुरू झाली. देशोदेशींची मुले येथे दोन वर्षे एकत्र राहतात आणि इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटची पदविका घेऊन विद्यापीठांत जातात.

हा अभ्यासक्रम श्रीमंतांचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. सहा विषय, प्रत्येकी ७ गुण. वरचे ३ गुण ज्ञानमीमांसा आणि ४,००० शब्दांचा प्रबंध यांसाठी. एकूण ४५. ज्ञान म्हणजे काय, ते खरे कोण ठरवतो, हे सतराव्या वर्षी विचारायला लावणारी ही मांडणी आहे. शिवाय वर्गात शिकवली जात नसेल अशा मातृभाषेचे साहित्य स्वतः अभ्यासण्याची सोयही या पदविकेत आहे. पालेगाव-अंबरनाथकडून आमच्या कॉलेजात येणारा, घरात पहिल्यांदाच बारावी झालेला मुलगा मात्र गाईडमधली उत्तरे पाठ करून आलेला असतो. इमारतींतली विषमता डोळ्यांना दिसते. प्रश्न विचारण्याच्या हक्कातली विषमता दिसत नाही, आणि तीच आयुष्यभर पुरते.

तरीही या मांडणीची मर्यादा नेमकी हेरली पाहिजे. सर्जन, कृती आणि सेवा हा तिचा सक्तीचा भाग आहे. तो पुरा केल्याशिवाय पदविका नाही. पण त्याला गुण नाहीत. म्हणजे श्रम आणि गरिबाचे जगणे येथे प्रामुख्याने सेवेच्या वाटेने येते. ज्याची सेवा करायची तो ज्ञानाचा कर्ता होत नाही. ही दयाबुद्धी आपल्या परिचयाची आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात श्रम ही सेवा नव्हती. ती शिकण्याची अट होती. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेही याच जाणिवेतून. या वसतिगृहांनी अस्पृश्यांच्या मुलाला निवारा आणि अन्न दिले. त्याच्या हातातले पाठ्यपुस्तक मात्र बदलले नाही, आणि त्या काळात ते त्यांच्या हातीही नव्हते.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणाबरोबर नवोदय विद्यालयांचा विस्तार झाला. अनुसूचित जातींना किमान १५ आणि जमातींना किमान ७.५ टक्के जागा, मुलींना एकतृतीयांश, ग्रामीण मुलांना किमान ७५ टक्के. दार उघडले, पण आतला अभ्यासक्रम केंद्रीय मंडळाचा. त्यात आपल्या जगण्याला जागा किती, हे ठरवण्याचा अधिकार अजून आपल्याकडे आलेला नाही.

तेव्हा साताऱ्याची पंगत, नवोदयचे दार आणि मुळशीचा प्रश्न या तिन्हींची एकत्र मागणी करणे हे आपल्या चळवळीचे काम आहे. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांतील जेवणासाठी, निर्वाहभत्त्यासाठी आपण मोर्चे काढतो. ते काढलेच पाहिजेत. पण त्याच वसतिगृहातील बारावीच्या मुलाने ४,००० शब्दांचा प्रबंध का लिहू नये? वालधुनी नदीत रसायने कोठून येतात, कंत्राटी कामगाराची हजेरी कोण मांडतो, आपल्या आजीच्या ओव्यांत कोणता इतिहास आहे, हे त्याचे विषय. तो त्याच्या मराठीत लिहील, आणि त्याला गुण मिळतील. सेवा म्हणून नव्हे, ज्ञान म्हणून.

विद्यापीठाने परवानगी देईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी जवळच्या एका वसतिगृहात येत्या सत्रापासून आठवड्याची एक संध्याकाळ यासाठी द्यावी.